कोंबडीच्या पायांतलें बळ

बीड जिल्ह्याचें नांव निघालें म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें दुष्काळ, पाण्याचे टँकर आणि दसरा-दिवाळी उरकून ऊसतोडीला निघालेलीं बिऱ्हाडें उभीं राहतात. तें चित्र खोटें नाहीं. पण तेवढ्यानें जिल्हा संपतही नाहीं. गोदावरीच्या दक्षिणेस, बालाघाटाच्या रांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशीं पसरलेल्या ह्या मुलखांत शेताच्या कडेला लांबट, पत्र्याच्या छपराची आणि दोन्ही अंगांना जाळी लावलेली एखादी शेड प्रवाशाच्या दृष्टीस पडते. ती ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठीं वाढविलेल्या कोंबड्यांची शेड होय.

ह्या धंद्याची रीत बहुधा कराराची असते. कंपनी एक दिवसाचीं पिलें, खाद्य व औषधें आणून देते; शेतकऱ्यानें शेड, पाणी, वीज आणि आपले दोन हात द्यावयाचे. पांच-सहा आठवड्यांनीं पक्षी उचलले जातात व जिवंत वजनाच्या किलोमागें ठरलेला संगोपनाचा मोबदला शेतकऱ्याच्या पदरांत पडतो. मरतूक किती झाली आणि एक किलो वजन चढण्यास किती खाद्य खर्चीं पडलें, ह्या दोन आंकड्यांवर तो मोबदला वरखालीं होतो. एरवीं मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या एखाद्या जोडप्याला अशी शेड म्हणजे घरीं राहण्याची, मुलांची शाळा न मोडण्याची एक वाट असते. त्यामुळें तिसऱ्या आठवड्यांत चार-दोन पिलें लंगडूं लागलीं, खाद्याच्या भांड्यापर्यंत पोंचेनाशीं होऊन बसल्या जागीं सुकूं लागलीं, कीं घरांतील माणसांची झोंप उडते. मग तालुक्याच्या दुकानांतून कॅल्शियमच्या पातळ औषधाचा डबा येतो आणि पिण्याच्या टाकींत ओतला जातो. पाय दुबळा म्हणजे हाड दुबळें, हाड म्हणजे चुना, तेव्हां चुना पाजला कीं पाय सुधारेल, हा तर्क कोणालाही पटण्यासारखा आहे. दुर्दैवानें तो पुष्कळदां चुकतो, आणि कधीं कधीं तर लंगडेपण वाढवितो. असें कां व्हावें, तें समजून घेण्यासारखें आहे.

परसांतल्या देशी कोंबडीला ही अडचण क्वचितच येते. ती उकिरडा उकरते, वाळवी आणि किडे वेंचते, कोवळा पाला खुडते, भिंतीचा सुटलेला पोपडा टोंचते. शरीराला चुना कमी पडला म्हणजे चुना असलेला घांस ती निवडून खाते, हें प्रयोगांनीं पाहिलेलें आहे. तिची वाढही सावकाश; हाड आणि मांस बरोबरीनें चालतात. ब्रॉयलरचें सारेंच निराळें. अंड्यांतून बाहेर पडतांना त्याचें वजन सुमारें ४० ग्रॅम असतें, आणि सहा आठवड्यांच्या आंत तें दोन किलोंवर जातें, म्हणजे पन्नासपट होतें. अमेरिकेंत १९४८ सालीं ‘उद्यांची कोंबडी’ ह्या नांवाच्या राष्ट्रीय स्पर्धेची अखेरची फेरी झाली, तेव्हांपासून निवडीनें पैदास करण्याचा हा उद्योग जोरानें सुरू आहे. कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठांत १९५७, १९७८ आणि २००५ ह्या तीन काळांच्या जाती एकाच खाद्यावर शेजारीं शेजारीं वाढवून पाहिल्या. ५६ व्या दिवशीं पहिलीचें वजन ९०५ ग्रॅम, दुसरीचें १८०८ ग्रॅम आणि तिसरीचें ४२०२ ग्रॅम भरलें. ब्रॉयलरला हार्मोनचीं इंजेक्शनें टोंचून फुगवितात, ही शहरांतल्या घरोघरीं ऐकूं येणारी समजूत किती निराधार आहे, तें ह्या एका प्रयोगावरून दिसतें. खाद्य तेंच होतें. बदललें होतें तें रक्त.

परंतु इतक्या वेगानें चढणारें मांस तोलण्याचें काम कोंवळ्या हाडांवर पडतें. शिवाय हा पक्षी तुसावर किंवा लाकडाच्या भुशावर कोंडलेला. उकिरडा नाहीं, वाळवी नाहीं, भिंतीचा पोपडाही नाहीं. खाद्याच्या भांड्यांत जें नाहीं तें त्याला जगांत कोठेंच मिळावयाचें नाहीं. खनिजें बाहेरून घालणें हा म्हणूनच ह्या धंद्यांतला चैनीचा भाग नव्हे.

तीं घालावीं लागतात हें माणसाला कळलें त्याची कथा मोठी मौजेची आहे. पिलें बंदिस्त जागेंत वाढविण्यास आरंभ झाला तेव्हां एक विलक्षण व्यंग दिसूं लागलें. पिलाचा गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजे, त्यावरची जाड शीर जागेवरून घसरे आणि पाय कडेला मुरगळे. पक्षी एरवीं धडधाकट, पण उभा राहूं शकत नसे. हाडांचा रोग म्हणून हाडांची भुकटी हा सोपा उपाय वाटावा. पण खाद्यांत ती भुकटी जास्त पडली कीं हा रोग उलट बळावे! अखेर १९३६ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे विल्गस, नॉरिस व ह्यूसर ह्या तिघांनीं उलगडा केला. उणीव चुन्याची नव्हती, मँगेनीजची होती. आणि चुना व स्फुरद अति झाले म्हणजे आंतड्यांत तेंच थोडें मँगेनीज अडकून पडे व अंगीं लागत नसे. त्या वर्षीं बीड निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथल्या कोंबडीला ह्या शोधाची गरज नव्हती. ती उकिरड्यावर होती. आज तिची वंशबहीण पत्र्याच्या शेडींत आहे, आणि कॅल्शियमचा डबा घेऊन येणारा माणूस नकळत १९३६ च्या आधींची चूक पुन्हां करीत आहे.

मँगेनीजची गरज तरी किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं दिलेल्या आंकड्यांप्रमाणें एक किलो खाद्यांत ६० मिलिग्रॅम. म्हणजे एक टन खाद्याला अवघे ६० ग्रॅम. जस्त किलोमागें ४० मिलिग्रॅम, तांबें ८, आयोडीन ०.३५ आणि सेलेनियम फक्त ०.१५ मिलिग्रॅम. कॅल्शियम मात्र पहिल्या तीन आठवड्यांत खाद्याच्या १ टक्का आणि अंगीं लागणारा स्फुरद ०.४५ टक्का. हे गरजेचे आंकडे होत. भारतीय मानक ब्यूरोनेंही कोंबडी-खाद्याचें प्रमाण आयएस १३७४ ह्या मानकांत बांधून दिलें आहे, आणि चांगला खाद्य-कारखाना सावधगिरी म्हणून सूक्ष्म खनिजें गरजेहून चढतींच घालतो. तेव्हां कराराच्या शेडींत येणाऱ्या पोत्यांत खनिजें नसतात असें नव्हे. तीं मोजून घातलेलीं असतात, आणि बाहेरून येणारा डबा तें माप बिघडवितो.

तें कसें बिघडतें, हें कळण्यासाठीं धान्याच्या पोटांतलें एक कुलूप ध्यानांत घ्यावें लागतें. ब्रॉयलरच्या खाद्याचा मोठा भाग मका आणि सोयाबीनची पेंड असतो. ह्या दाण्यांत स्फुरद पुष्कळ असतो, परंतु त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग फायटेट नांवाच्या पदार्थांत बांधलेला असतो आणि तो सोडविण्याचें सामर्थ्य कोंबडीच्या आंतड्यांत फारच थोडें. म्हणून डायकॅल्शियम फॉस्फेट वरून घालावें लागतें. १९९१ पासून फायटेज नांवाचें एक पाचक द्रव्य बाजारांत आलें. तें हें कुलूप पुष्कळ अंशीं उघडतें. पण फायटेट केवळ स्फुरदच धरून ठेवीत नाहीं. तें जस्तालाही पकडतें. आणि आंतड्यांत कॅल्शियम जितकें जास्त, तितकी ही पकड घट्ट. जस्त कमी पडलें म्हणजे पिलाच्या पायांचीं हाडें आंखूड व जाड होतात, सांधा सुजतो, पिसें झडल्यासारखीं दिसतात, तळव्यांची कातडी फुटते. अर्थात् खाद्यांत जस्त पुरेसें असूनही केवळ अधिक चुना पाजल्यामुळें पिलूं जस्ताविना राहूं शकतें, आणि तें लंगडतें. त्याला लंगडतांना पाहून घरचीं माणसें दुसरा डबा आणतात.

अतिरेकाचें दुसरें फळ अधिक भयंकर आहे. अंडीं देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यांत कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतें, कारण तिला जवळजवळ रोज कवच घडवावयाचें असतें. तेंच खाद्य किंवा शिंपल्यांचा चुरा वाढत्या पिलाच्या पोटीं गेला तर त्याच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. शरीराबाहेर जावयाचे क्षार आंतच सांचतात. मेलेलें पिलूं उघडून पाहिलें तर हृदयावर आणि यकृतावर खडूची पूड फासावी तसा पांढरा थर दिसतो. ह्याला गाउट म्हणतात. पाणी कमी पडलें म्हणजे तो लौकर होतो, आणि पाणी कमी पडणें ही बीड जिल्ह्यांतील नेहमींचीच गोष्ट.

येथें ह्या विषयाचें खरें मर्म आहे. पाश्चात्य पुस्तकें खनिजांचा हिशेब खाद्याच्या पोत्यापासून सुरू करतात. बीडकडे तो पाण्यापासून सुरू केला पाहिजे. कोंबडी जेवढें खाते त्याच्या सुमारें दुप्पट पाणी पिते, आणि पारा चाळिशीपार गेला म्हणजे ह्याहून कितीतरी अधिक. दख्खनच्या काळ्या खडकांतून, खोल विंधन विहिरींतून येणारें पाणी बहुधा जड असतें. त्यांत कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड विरघळलेलीं असतात. म्हणजे पाजणाऱ्याच्या ध्यानींमनीं नसतां खनिजांचा एक रतीब पक्ष्याला नळींतून चालूच असतो. एक कल्पित उदाहरण घेऊं या. पाण्याच्या एका लिटरांत सोडियम ४०० मिलिग्रॅम आहे असें समजा. साध्या हवेंत एक किलो खाद्यामागें पक्षी दोन लिटर पाणी प्याला, तर ८०० मिलिग्रॅम सोडियम पोटांत गेलें. तें खाद्याच्या ०.०८ टक्के झालें. मे महिन्यांत तोच पक्षी चार लिटर प्याला, तर ०.१६ टक्के. गरज आहे वयाप्रमाणें ०.१२ ते ०.२० टक्के. म्हणजे खाद्यांत मिठाचा कणही नसता तरी उन्हाळ्यांत पाण्यानेंच जवळजवळ सारी गरज भागविली असती. आणि खाद्यांत तर मीठ घातलेलें आहेच. मग विष्ठा पातळ होते, खालचा भुसा ओला राहतो, त्यांतून अमोनियाचा उग्र वास सुटतो, तळवे कुजूं लागतात, आणि पक्षी पुन्हां लंगडतो. ह्या लंगडण्याचा हाडाशीं कांहींएक संबंध नाहीं.

शिवाय पाणी एका जागेचें असतें असेंही नाहीं. फेब्रुवारींत विहीर, मार्चअखेर बोअर, एप्रिलांत टँकर, असा क्रम ह्या भागांत नवा नाहीं. २०१६ सालीं केज तालुक्यांतील धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें श्रोत्यांना स्मरत असेल. ज्या मुलखांत माणसांची अशी अवस्था, तेथें एका तुकडीच्या पांच आठवड्यांत पाण्याचा उगम दोनदां बदलावा ह्यांत नवल तें काय? प्रत्येक बदलाबरोबर खनिजांचा जमाखर्च बदलतो. पोतें मात्र तेंच असतें. टँकरच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरीन असलें तर आणखी एक घोटाळा होतो: पाण्यांतून द्यावयाची जिवंत लस त्यानें मरते, आणि लस दिली असें समजून माणूस निर्धास्त राहतो. कॅल्शियमचें औषध व टेट्रासायक्लिन जातीचें प्रतिजैविक एकाच टाकींत कालवणारेही आहेत. तीं दोन्हीं एकमेकांना बांधून टाकतात आणि दोहोंचाही पैसा पाण्यांत जातो, अक्षरशः.

ह्यावरून वरून दिलेलीं सगळीं खनिजें निरुपयोगी, असा अर्थ मात्र घेऊं नये. उन्हाळ्यांत त्यांना खरोखर जागा आहे. कोंबडीला घाम येत नाहीं. ती धापा टाकून अंग थंड करते. अति धापांनीं रक्तांतला कर्बवायु उडून जातो, रक्ताची आम्लता बिघडते, आणि पोटॅशियमसारखे क्षार मूत्रावाटें निघून जातात. अशा वेळीं पोटॅशियम क्लोराइड किंवा खाण्याचा सोडा बेतानें दिल्यास पक्षी पाणी अधिक पितो व उष्म्याच्या लाटेंतून निभावण्याचा संभव वाढतो. दुपारीं खाद्य उचलून ठेवणें, छपरावर चुना मारणें, तुराट्यांचें किंवा पाचटाचें आच्छादन घालणें, हे उपाय ह्याहून स्वस्त आणि तितकेच गुणकारी. पण बोअरचें पाणी आधींच खारें असेल तर सोडाही तोलूनच द्यावा लागतो. पाण्यांत विरघळलेले एकूण क्षार लिटरमागें एक हजार मिलिग्रॅमच्या आंत असले तर कोंबडीला चिंता नाहीं. एक ते तीन हजारांपर्यंत विष्ठा पातळ होण्याची भीति. त्यापुढें तें पाणी कोंबडीला देऊंच नये, असा साधारण दंडक आहे.

सेलेनियमची गोष्ट तर तारेवरच्या कसरतीची. १९५७ पर्यंत हें मूलद्रव्य विष म्हणूनच प्रसिद्ध होतें. त्या वर्षीं असें दिसून आलें कीं, त्याच्या लेशमात्रानें पिलांच्या छातीखालीं हिरवट पाणी सांचण्याचा एक घातक विकार टळतो. ई जीवनसत्त्वाशीं त्याची जोडी आहे. परंतु लाभ आणि विष ह्यांमधलें अंतर इतकें थोडें, कीं अमेरिकेंत तें खाद्यांत घालण्याची परवानगी मिळण्यास १९७४ साल उजाडलें. असें द्रव्य ‘प्रतिकारशक्ति वाढवितें’ एवढ्याच शब्दांवर चमच्यानें विकलें जावें, हें बरें नव्हे. जस्त आणि सेलेनियम उणीं असलीं तर रोगाशीं झुंजण्याची शक्ति कमी होते, हें खरें. पुरेशीं असलीं तर आणखी दिल्यानें ती चढत जाते असें नाहीं. जानेवारी २०२१ मध्यें शेजारच्या परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें बर्ड फ्लूनें कोंबड्या मेल्या. तशा विषाणूपुढें कोणत्याही क्षाराची मात्रा चालत नाहीं. तेथें शेडींत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय, गाडीचीं चाकें आणि रानपांखरें ह्यांचाच बंदोबस्त करावा लागतो.

मग लंगड्या पिलाचें करावें काय? पहिली गोष्ट, लंगडेपण एक नव्हे, अनेक आहेत. चोंच बोटानें दाबली असतां रबरासारखी वांकली, बरगड्यांवर मण्यांसारख्या गांठी लागल्या, तर तो मुडदूस. तेथें कॅल्शियम, स्फुरद किंवा डी जीवनसत्त्व ह्यांपैकीं कांहींतरी खरोखरच कमी आहे. सांध्यावरची शीर सरकली असेल तर मँगेनीज, कोलीन किंवा बायोटिन ह्यांकडे पाहावें. मांडीच्या हाडाचें डोकें हातांत घेतां तुटून भुगा झालें, तर तो जंतूंचा उपद्रव, आणि खनिजांचा त्याच्यावर इलाज नाहीं. विषाणूनें स्नायूंच्या दोऱ्या सुजतात तो प्रकार आणखी वेगळा. बुरशीच्या विषानेंही हाडें बिघडतात. पावसांत भिजलेला मका त्याला कारण होतो. हें सारें बाहेरून सारखेंच दिसतें. फरक कळतो तो दोन-चार पक्षी उघडून पाहिल्यावर. परभणीचें पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आणि उदगीरचें १९८७ पासून आहे. बीड जिल्ह्यांत अंबाजोगाई व गेवराई तालुक्यांतील खामगांव येथें कृषि विज्ञान केंद्रें आहेत. डब्यासाठीं तालुक्याला जाणारी मोटारसायकल तीन मेलेलीं पिलें आणि बाटलीभर पाणी घेऊन तपासणीकडेही वळूं शकते. कराराच्या शेतकऱ्याची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे: खाद्याचें पोतें त्याच्या निवडीचें नसतें, आणि त्यांत काय आहे हें विचारण्याची त्याला संवय लावलेली नसते. पोत्यावरची चिठ्ठी व तुकडीचा क्रमांक जपून ठेवणें आणि लंगडेपण एकाच खाद्यावर चार शेडींत दिसलें कीं एकाच पोत्याकडे बोट दाखविणें, एवढें तरी त्याच्या हातीं आहे.

शहरांतील स्वयंपाकघराशीं ह्या हाडांचा संबंध येतो तो वेगळ्याच रीतीनें. कोंबडी शिजविल्यावर हाडाभोंवतीं मांस काळपट-जांभळें दिसतें आणि घरची बाई तें शिळें समजून टाकून देते. पुष्कळदां तें शिळें नसतें. पांच आठवड्यांच्या पक्ष्याचें हाड पुरतें भरलेलें नसतें. गोठविल्यावर व शिजविल्यावर मगजांतला रंग त्या सच्छिद्र हाडांतून बाहेर झिरपतो. वास चांगला असेल आणि मांस नीट शिजलें असेल तर त्यांत अपाय नाहीं.

राहतां राहिलें तें शेडीच्या जमिनीवर उरतें तें. पक्षी पोटांत घेतलेल्या जस्ताचा बहुतेक भाग विष्ठेवाटें टाकून देतो. किलोमागें १०० मिलिग्रॅम जस्त असलेलें साडेतीन किलो खाद्य एका पक्ष्यानें जन्मभरांत खाल्लें, तर सुमारें ३५० मिलिग्रॅम जस्त त्याच्या पोटांतून गेलें. अंगांत राहिलें त्यांतलें थोडेंच. पांच हजार पक्ष्यांच्या एका तुकडीमागें दीड किलोच्या आसपास जस्त भुशांत उतरतें. युरोपांत जमिनींत असें जस्त सांचण्याची धास्ती वाटूं लागल्यानें २०१६ सालीं तेथें कोंबडीच्या खाद्यांतील जस्ताची कमाल मर्यादा किलोमागें १५० वरून १२० मिलिग्रॅमवर आणली गेली. मराठवाड्याची गोष्ट आज तरी उलट आहे. येथल्या चुनखडीच्या काळ्या जमिनींत जस्ताची उणीव ठिकठिकाणीं आढळते आणि शेतकरी त्यासाठीं हेक्टरीं २० ते २५ किलो झिंक सल्फेट विकत घेऊन टाकतो. त्यांतलें शुद्ध जस्त एकरीं दोन किलोंच्या आसपास भरतें. म्हणून तुकडी उचलली गेली कीं शेडीच्या दाराशीं ट्रॅक्टर उभा राहतो. तो भुसा चांगला कुजवून शेतांत पसरला, तर पक्ष्याच्या अंगीं न लागलेलें खनिज ज्वारीच्या आणि सोयाबीनच्या मुळांशीं जाऊन पोंचतें. आणि बाजारांतून त्याच सोयाबीनची पेंड पुन्हां कोंबडीच्या भांड्यांत येते.